छापचित्रात उजेड कुठून येतो? मोजक्या आकारांतून प्रकाश आणि अवकाश उभा करण्याची पद्धत

छापचित्रात उजेड शाईतून येत नाही, कागदातून येतो. पडलेला प्रकाश शाईच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. म्हणजे शाई त्याला दोनदा अडवते. शाईचं काम एवढंच, की कागदाचा उजेड कुठे, किती आणि कसा रोखायचा हे ठरवायचं. भरगच्च चित्रात हे विसरलं तरी चालून जातं, कारण नजर गुंतवायला बाकी पुष्कळ काही असतं. पण जिथे एक चौकोन, एक कड आणि दोन छटा एवढ्यावरच सगळं उभं आहे, तिथे ही गोष्ट विसरली की चित्र सपाट पडतं.

या लेखात मुख्यतः तांब्याच्या प्लेटवरच्या अ‍ॅक्वाटिंटची पद्धत दिली आहे: प्लेटवर राळेचे बारीक दाणे चिकटवून मधला धातू द्रावणाने कोरायचा, म्हणजे शाई धरणारे बारीक खड्डे तयार होतात. मऊ, सलग छटांसाठी तिच्याइतकं सोयीचं दुसरं तंत्र मला वाटत नाही. शेवटी बिनशाईच्या उठावाबद्दलही आहे. प्लेट कशी घासायची, प्रेस कसा चालवायचा एवढं वाचकाला ठाऊक आहे असं धरलं आहे.

आधी ठरवा: कोणता उजेड?

‘उजेड दाखवायचा आहे’ एवढं म्हणून काम सुरू करू नका. मोजक्या आकारांच्या चित्रात उजेड तीन तऱ्हांनी वाचला जातो. एक, वस्तू स्वतःच उजळते. दोन, कुठून तरी आलेला उजेड भिंतीवर किंवा जमिनीवर पडतो. तीन, एक मोकळी जागा असते आणि तिच्या पलीकडे उजेड असतो. तिन्हींमध्ये आकार तोच असू शकतो. फरक पडतो तो कडांमुळे.

याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण जेम्स टरेल यांच्या कामात सापडतं. १९६६ पासून ते प्रोजेक्टरचा झोत खोलीच्या कोपऱ्यात अशा बेताने टाकत, की बघणाऱ्याला तिथे प्रकाशाचा घन तरंगतोय असं वाटे. पुढे १९८९-९० मध्ये त्यांनी झुरिकचे मुद्रक पीटर क्नॉयब्यूलर यांच्यासोबत याच प्रक्षेपणांवर आधारित २० अ‍ॅक्वाटिंट केले. चित्रात जवळजवळ काहीच नाही: गडद पार्श्वभूमी आणि कागदाच्या पांढऱ्याचा एक भौमितिक आकार. तरी तो पांढरा आकार कागदाचा आहे यावर डोळा विश्वास ठेवत नाही. आसपासची काळी छटा किती खोल आहे आणि कुठे जराशी उतरते, यावर तो आकार पुढे येतो किंवा मागे जातो.

पहिली पायरी म्हणून प्लेट न घेता काळा, मधला करडा आणि पांढरा असे तीन कागद घ्या. तळहाताएवढ्या तुकड्यांवर एकच समलंब चौकोन वेगवेगळ्या जागी ठेवून बघा: खालच्या कडेला टेकलेला, मधोमध तरंगता, वरच्या कोपऱ्यात घुसलेला. समलंबच का, तर डोळा त्याला तिरका ठेवलेला आयत समजायला टपलेलाच असतो, आणि तिथेच सपाट कागदावर खोली उघडते. आयत ठेवलात तर ही खोली आपोआप मिळत नाही, ती छटेतून कमवावी लागते. वर्तुळ सर्वांत अवघड. ते फार लवकर सूर्य किंवा चंद्र होऊन बसतं आणि मग बाकी कुणी काही बघत नाही.

यातच आडवी रेषा घालून बघा. एकच रेषा खालच्या भागाला जमीन करते आणि वरच्याला भिंत. पुष्कळदा ती नसलेलीच बरी, पण ती नसताना चित्राचं काय होतं हे कळायला एकदा घालून बघावी लागते.

कडेचं गणित

या विभागावर जास्त वेळ घालवतो, कारण माझ्या मते मिनिमल छापचित्र म्हणजे कडांचीच रचना असते. आकार कुणालाही सुचतो.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा समलंब घ्या. चारही कडा धारदार आणि भोवतीचा काळा सगळीकडे एकसारखा असेल, तर डोळा दोन अर्थांत हेलकावे खातो: चिकटवलेला पांढरा कागद की भिंतीतली फट? हा हेलकावा हवा असेल तर तसंच ठेवा. आता कडा धारदारच ठेवून बाहेरचा काळा आकाराच्या अगदी जवळ थोडा हलका करा आणि लांब जाताना गडद होऊ द्या. आकार स्वतःहून उजळायला लागतो, कारण तेजस्वी वस्तूभोवती डोळ्याला प्रभावळ बघायची सवय असते. उलट, बाहेरचा काळा एकसारखा ठेवून आतला पांढरा एका बाजूकडे हळूहळू करडा होऊ दिला, तर तो भिंतीवर पडलेला उजेड वाटतो. आणि तीन कडा धारदार, चौथी मऊ असं केलंत तर तो लांबून तिरका आलेला कवडसा होतो.

या शेवटच्या प्रकारामागे साधं भौतिकशास्त्र आहे. सूर्य बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश दिसते. त्यामुळे सावलीची कड अडथळ्यापासून जितकी लांब पडते तितकी पसरट होते, प्रत्येक मीटर अंतराला साधारण ९ मिलिमीटर. खिडकीच्या चौकटीला लागून पडलेली कड कातरल्यासारखी असते आणि ३ मीटर पलीकडची जवळपास २७ मिलिमीटर पसरलेली. म्हणून चित्रात एक कड किती मऊ आहे यावरून डोळा न सांगता अंतर मोजतो. सगळ्या कडा सारख्याच मऊ केल्या तर अंतर उरत नाही, फक्त धुकं उरतं. नवशिक्यांच्या कामात हे धुकं फार दिसतं आणि त्याला ‘वातावरण’ म्हणायची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, उन्हाचा कवडसा आतून जवळपास एकसारखा उजळ असतो, कारण सूर्य इतका दूर आहे की कवडशाच्या दोन टोकांमधला अंतराचा फरक नगण्य ठरतो. दिव्याचा उजेड मात्र लांब जाताना झपाट्याने मंदावतो, अंतर दुप्पट झालं की चौथाईवर येतो. आत छटा उतरती असेल तर बघणाऱ्याला दिवा जवळ कुठेतरी आहे असं वाटतं. हे ठरवून करा, हात गेला म्हणून नको.

डोळ्याच्या दोन खोड्याही माहीत असाव्यात. पहिली एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेली: उतरती छटा जिथे अचानक सुरू होते किंवा संपते, तिथे प्लेटवर नसलेला उजळ किंवा गडद पट्टा दिसतो. पांढऱ्यातून करड्याकडे जाताना सुरुवातीलाच चमकणारी रेघ दिसली तर प्लेटला दोष देऊ नका. छटेची सुरुवात अधिक हळुवार करा, म्हणजे पट्टा विरतो. किंवा तो हवाच असेल तर सुरुवात तीव्र ठेवा. फुकटात मिळालेला उजेड आहे तो.

दुसरी खोडी जास्त उपयोगाची. दोन शेजारचे भाग अगदी एकाच करड्या छटेचे आहेत, पण त्यांच्या मधल्या कडेपाशी एका बाजूला थोडासा गडद होत जाणारा आणि दुसऱ्या बाजूला थोडासा उजळ होत जाणारा पट्टा आहे. डोळा ते दोन्ही भाग संपूर्णपणे वेगळ्या छटांचे आहेत असं समजतो. याला कॉर्नस्वीट भ्रम म्हणतात. अर्थ असा, की मोठा भाग उजळ दाखवायला तो सगळा उजळ करावा लागत नाही, कडेपाशी काम केलं की पुरतं. छटांची मर्यादा लक्षात घेतली की याचं मोल कळतं. चांगला पांढरा कागद पडलेल्या प्रकाशाचे सुमारे ८० ते ९० टक्के परत देतो आणि मॅट काळी शाई साधारण ४-५ टक्के. म्हणजे सगळं नाट्य सुमारे २० पटींच्या आत करायचं आहे. खऱ्या खोलीत ऊन आणि सावली यांच्यात याहून कितीतरी जास्त फरक असतो. तो छापता येत नाही, भासवावा लागतो.

कागद

पूर्ण कापसाचा, २५० ते ३०० ग्रॅमचा, मऊ कागद घ्या. तो प्लेटच्या बारीक खड्ड्यांत उतरतो आणि शाई उचलतो. अतिशुभ्र कागदाचा मोह टाळा. त्यातली चमक वाढवणारी द्रव्यं काही वर्षांत मंदावतात आणि उजेडाचा रंगच बदलतो. किंचित उबदार पांढऱ्यावर निळसर काळी शाई उन्हासारखी वाचली जाते. थंड पांढऱ्यावर तीच शाई ढगाळ सकाळ होते. दोन्ही कागदांवर एकच प्लेट छापून शेजारी ठेवा आणि मगच ठरवा.

समासही चित्रात धरा. प्लेटच्या बाहेरचा कोरा कागद हाच चित्रातला सर्वांत मोठा पांढरा भाग असतो, आणि आतला पांढरा किती उजळ वाटेल हे तो ठरवतो. समास फार मोठा ठेवला तर आतला उजेड दबतो. आतला आकार चमकायलाच हवा असेल तर प्लेट कागदाच्या काठापर्यंत न्या किंवा समास अरुंद करा. प्लेटच्या मापाचा पातळ, किंचित गडद कागद जाड कागदावर चिकटवून त्यावर छापण्याची पद्धत, म्हणजे शीन कोले, इथे उपयोगी पडते: प्लेटच्या आतला पांढरा समासाच्या पांढऱ्याहून वेगळा करता येतो.

प्लेट आणि चाचणीपट्टी

तांब्याची प्लेट गुळगुळीत घासा, कडा ४५ अंशांत उतरत्या करा आणि चरबी काढा. पाणी थेंब न होता सलग पसरलं की प्लेट स्वच्छ झाली. मागची बाजू चिकट फिल्मने झाका.

आता राळ. पेटीत बारीक राळेची धूळ उडवून प्लेट आत ठेवतात. मोठे कण आधी खाली बसू द्या आणि मग प्लेट सरकवा, म्हणजे बारीक दाणा मिळतो. मऊ छटेसाठी बारीकच हवा. पृष्ठभाग साधारण अर्धा झाकला गेला की थांबा. मग प्लेट पेटीपासून लांब नेऊन खालून तापवा. पांढरी भुकटी पारदर्शक, काचेसारखी झाली की राळ चिकटली. राळेची हवेतली धूळ पेट घेऊ शकते, म्हणून पेटीजवळ ज्योत किंवा ठिणगी नको. धूळ फुप्फुसांनाही वाईट, तेव्हा साधा कापडी मास्क नको, धुळीचा रेस्पिरेटर लावा.

बाइटसाठी, म्हणजे उघडा धातू द्रावणाने कोरून घेण्यासाठी, ४२ अंश बोमेचं (बोमे हे द्रावणाच्या घनतेचं माप) फेरिक क्लोराइड घ्या. तांब्यावर ते सावकाश आणि सरळ खाली चावतं. हातमोजे आणि चष्मा लावाच. अ‍ॅल्युमिनियम या द्रावणात कधीही घालू नका, प्रतिक्रिया भडकते. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते नाल्यात ओतायचं नाही. बाइटमध्ये तयार होणारा गाळ खड्ड्यांत बसून चावणं अडवतो, म्हणून प्लेट उभ्या टाकीत ठेवा किंवा तोंड खाली करून.

खऱ्या प्लेटला हात लावण्याआधी त्याच धातूची, त्याच राळेची पट्टी करून बघा. तिचे सात भाग पाडा. पहिला भाग सुरुवातीलाच द्रावण अडवणाऱ्या वॉर्निशने झाका, तो कागदाचा पांढरा. बाकीचे एकामागून एक झाकत जा, म्हणजे एकूण वेळ १५ सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २, ४ आणि ८ मिनिटं असे पडतील. प्रत्येक वेळ आधीच्या दुप्पट आहे. सारख्या अंतराने, समजा दर मिनिटाला एक भाग झाकला, तर हलक्या छटांमध्ये एकदम उड्या पडतात आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात, कारण डोळा फरक बेरजेने नाही, पटीने मोजतो. छापताना मधला वाटणारा करडा प्रत्यक्षात जेमतेम १८ टक्के प्रकाश परत देतो, ५० नाही.

पट्टी छापून वाळू द्या. ओली शाई गडद दिसते. मग बघा, तुमच्या द्रावणात, तुमच्या तापमानाला खरा काळा कितव्या मिनिटाला येतो. त्यापुढे चावत गेलात तर राळेचे दाणे खालून पोखरले जातात, दाणा मोडतो आणि काळा पुन्हा करडा पडतो. तेव्हा जास्त वेळ म्हणजे जास्त काळा, असं नाही. पट्टीवर प्रत्येक भागाचा वेळ आणि द्रावणाचं तापमान पेन्सिलने लिहून ती भिंतीला लावा.

उतरती छटा कशी आणायची

मोठ्या पार्श्वभूमीसाठी प्लेट उभ्या टाकीत हळूहळू खाली सोडत जा. जो भाग आधी बुडतो तो जास्त चावला जातो. हात क्षणभरही थांबवू नका. थांबलात की पाण्याच्या पातळीची रेघ उमटते आणि ती नंतर घासून काढणं जिकिरीचं असतं. वर पाहिलेल्या दुपटीच्या हिशोबामुळे हलक्या टोकाला हात वेगाने आणि गडद टोकाला सावकाश चालायला हवा. पाण्यात सुक्या प्लेटवर दोन-तीन वेळा सराव केला तर लय सापडते.

छोट्या जागेतल्या मऊ कडेसाठी स्पिट बाइट करा: ती जागा गोंदाच्या पाण्याने ओली करून त्यावर ब्रशने द्रावण सोडायचं. कडा आपोआप विरतात. हे पूर्ण ताब्यात राहत नाही, आणि मला वाटतं एका प्लेटवर अशी एखादीच जागा असावी. दोन-तीन झाल्या की जलरंगाचा भास येतो आणि भूमितीचा कडकपणा जातो.

धारदार कड हवी तिथे वॉर्निश ब्रशने नको. पट्टी लावून, टेपने झाकून, टेपची कड नखाने घट्ट दाबून मगच वॉर्निश भरा. धारदार म्हणजे खरोखर धारदार. इथे अर्ध्या मिलिमीटरची लहर दिसली की अवकाशाचा सगळा भास कोसळतो आणि फक्त रंगवलेला चौकोन उरतो.

बाइट संपल्यावर प्लेट भरपूर पाण्याने धुवा, राळ स्पिरिटने काढा.

शाई, पुसणं, छापणं

काळा म्हणजे एकच काळा नव्हे. काजळीचा काळा हलक्या छटांत निळसर दिसतो, हाडांचा काळा तपकिरीकडे झुकतो. दोन्ही मिसळून तुमच्या कागदाला साजेसा काळा करा आणि मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवा. शाई फार घट्ट असेल तर प्लेट जरा कोमट करा किंवा थोडं प्लेट ऑइल घाला. पातळ शाई खड्ड्यांतून पुसली जाते आणि गडद भाग फिकट पडतात.

टार्लटनच्या, म्हणजे विरळ विणीच्या कडक सुती कापडाने गोलाकार पुसा, मग कागदाने, आणि शेवटी हाताच्या कडेने. प्लेटच्या झाकलेल्या, म्हणजे पांढऱ्या भागावर किती शाईचा पापुद्रा राहू द्यायचा, हा या प्रकारच्या चित्रातला सर्वांत मोठा निर्णय आहे. पूर्ण स्वच्छ पुसला तर कागद झळकतो. किंचित पापुद्रा राहिला तर तोच आकार पडद्यामागून आलेला उजेड होतो. दोन्ही योग्य असू शकतं, पण एडिशनमधल्या, म्हणजे एकाच प्लेटवरून काढलेल्या संचातल्या, प्रत्येक प्रतीत ते सारखं हवं. पापुद्र्यावर भरवसा ठेवणाऱ्या मुद्रकाला प्रत्येक प्रत नव्याने घडवावी लागते, हे आधीच मान्य करा. नसेल मान्य, तर तीच छटा १० सेकंदांच्या बाइटने प्लेटमध्येच घाला.

कागद २०-३० मिनिटं भिजवून टिपकागदात दाबा. पृष्ठभागावर पाण्याची चमक नको, स्पर्शाला मात्र थंड लागला पाहिजे. ब्लँकेटं स्वच्छ आणि मऊ असू द्या. छापल्यावर टिपकागदांमध्ये, सपाट फळ्यांखाली वाळवा. वाकलेल्या कागदावर पडलेली सावली तुमच्या चित्रातल्या उजेडाशी भांडते.

बिनशाईचा उठाव

शाईच काढून टाकली की उरतो फक्त कागद आणि खोलीतला खरा उजेड. जोसेफ अल्बर्स यांनी १९६९ मध्ये बिनशाईचे रेषात्मक उठाव केले. सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या लगद्यातून पांढऱ्यावर पांढरी अशी जखमांची मालिका घडवली. झरीना हाश्मी यांनी त्याच दशकात पांढऱ्या कागदाला सुईने टोचून आकृत्या केल्या. तिघांच्या कामात छटा नाही, पण उजेड बदलला की चित्र बदलतं.

करून बघायला सोपं आहे. पुठ्ठ्याचे १ ते २ मिलिमीटर जाडीचे आकार कापून तळाच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, शेलॅकचा हात द्या, वर जाड भिजलेला कागद आणि ब्लँकेटं ठेवून प्रेसमधून काढा. २ मिलिमीटरपेक्षा उंच गेलात तर कागद कडेपाशी फाटतो. प्रेस नसेल तर कागदाच्या पाठीवरून हाडाच्या किंवा लाकडी घोटणीने कडा दाबत गेलं तरी पातळ उठाव मिळतो. कड उभी कापली तर एक बारीक, कडक सावली मिळते. उतरती कापली तर मऊ छटा मिळते. म्हणजे वरचं कडेचं सगळं गणित इथेही लागू, फक्त ते चाकूने करायचं.

एक खबरदारी. उजेड वरून येतो असं डोळा गृहीत धरतो. त्यामुळे उठाव खालून उजळला किंवा कागद उलटा टांगला तर उंचवटा खड्डा दिसू लागतो. हे मुद्दाम वापरता येतं, पण मग कागदाची वरची बाजू कोणती हे मागे लिहिणं गरजेचं.

प्रूफ वाचणं आणि दुरुस्ती

ओलं प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली प्रत, टेबलावर सपाट ठेवून बघू नका. भिंतीला लावा, ३ मीटर मागे जा, डोळे बारीक करा. आकार एका जागी थिजलेला दिसतो की पुढे-मागे होतो? मग उलटं करा. उलट्या चित्रातही खोली तशीच राहिली तर ती कडांतून आली आहे, आणि मोडली तर ती ‘खाली जमीन असते’ या सवयीवर उभी होती. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. कॅमेरा गडद छटा आपल्या मर्जीने उजळतो आणि तुमच्या सर्वांत गडद दोन छटा गिळून टाकतो.

एखादा भाग जास्त गडद झाला तर बर्निशरने, म्हणजे धातू घोटायच्या गुळगुळीत पोलादी हत्याराने, तेल लावून घासा, राळेचे खड्डे उथळ होतात आणि छटा उजळते. उतरत्या छटेतली खोट काढायला हेच उत्तम साधन आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. भाग फिकट असेल तर पुन्हा राळ टाकून त्याच जागी दुसरा बाइट द्यावा. दुसऱ्या राळेचे कण पहिल्यांच्या जागी बसत नाहीत, त्यामुळे काळा उलट अधिक दाट आणि मखमली होतो. म्हणून मोठा गडद भाग मुद्दामच दोन कमी वेळांच्या बाइटमध्ये करणं मला पसंत आहे.

फ्रेम करताना कागद खिडकीच्या माउंटमध्ये दाबू नका. पूर्ण कागद दिसेल असा तरंगता बसवा, नाहीतर समासाचा केलेला हिशोब माउंट खाऊन टाकतो. काच परावर्तन न करणारी घ्या. गडद चित्रावर साधी काच आरसा होते आणि बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. उठावाच्या चित्राला दिवा बाजूने, भिंतीशी २०-३० अंशांत पडेल असा द्या. अ‍ॅक्वाटिंटला मात्र समोरून पसरलेला सौम्य उजेड पुरे.